लाल रंगाआधीचे खेळाडू

पवन्याच्या छापखान्यातून पप्पा वाया गेलेले ताव आणायचे
वह्यांना कव्हरं घालायला.
माझा इतिहास बिस्किटाच्या पुड्यात, भूगोल टूथपेस्टमध्ये.
कोपरखैरण्याच्या सेक्टर पाचात
इतकी गुळगुळीत पुस्तकं कुणाचीच नव्हती.

चौथीची परीक्षा तोंडावर असताना
एका तावावर माणसं आली.
आडवे आठ, उभे चार, बत्तीस क्रिकेटवाले,
सगळे हिरवट-निळे,
खाडीच्या गाळातून नुकतेच वर आल्यासारखे.
"लाल चढायचा राहिलाय," पप्पा म्हणाले,
आणि शाई भरलेल्या नखाने कोपऱ्यातली बारीक फुली दाखवली.
"चारी रंग इथे एकावर एक बसले
की मग माणूस माणसासारखा दिसतो."

आईच्या शिवणाच्या कात्रीने मी ते सोडवले.
सरळ कापता येत नव्हतं.
यष्टिरक्षकाचा एक ग्लोव्ह शेजारच्या पत्त्यावर गेला,
कुणाचा चेंडू कुणाकडे.
पाठीवर धावा नव्हत्या, बळी नव्हते,
तिथे आधीच छापून चुकलेलं
खोकल्याच्या औषधाचं लेबल होतं.

पाण्याच्या टाकीखाली पोरं पत्ते लावून बसायची.
बिपिन घरत, अल्ताफ, शेल्टन,
आणि शेल्टनचा नाक पुसणारा धाकटा.
त्यांचे पत्ते खरे, च्युइंगगममधले,
हुंगले की गोड वास यायचा.
माझ्यांना रॉकेलचा.
"बोल, विकेट किती?"
मी पाठ उलटली. "दोन चमचे."
"मॅचेस?"
"दिवसातून तीन वेळा."
हसून हसून अल्ताफ आडवाच झाला.
मी उठले तेव्हा कानशिलं तापलेली.

पण बिपिन जिन्यापर्यंत मागे आला.
"तो हिरवा कीपर देते का?
असा कुणाकडंच नाय."
तीन खरे दिले त्याने, एक तर परदेशी.
तिथून माझा साठा सुरू झाला,
बुटांच्या खोक्यात, रबरबँड लावून.
जे बिघडलंय ते महाग असतं
हे मला दहाव्या वर्षी, टाकीखाली कळलं.

मग रोज दारात पप्पांची पिशवी चाचपायची.
"अजून आणा ना तसले. मुद्दाम लाल नका घालू."
ते हात धूत होते, मोरीत काळं पाणी.
"बिघडलेलं मुद्दाम छापत नसतात, पमे."
एवढंच. आणि जेवायला बसले.

जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या रात्री,
शर्टाच्या आतून त्यांनी एक ताव काढला.
घामाने किंचित ओला, आठ पदरी घडी.
उलगडला तर बत्तीसच्या बत्तीस, लालसकट.
ओठ ओठांसारखे, चेंडू चेंडूसारखा,
पाठीवर ज्याच्या त्याच्या धावा.
आईने एकदा तावाकडे पाहिलं,
एकदा पप्पांकडे,
आणि न सांगता दाराला कडी घातली.

मला तेव्हा फक्त घड्या दिसल्या.
प्रत्येक दुसऱ्याच्या अंगावरून पांढरी रेघ.
"हे कोण घेईल आता?" मी म्हणाले.
खरंच म्हणाले.
पप्पांनी ताव गादीखाली पसरला,
"सकाळी सपाट होईल," म्हणाले,
आणि रात्रभर त्याच बाजूला झोपले.

झाला नाही सपाट.

खोकं पुढे कुठे गेलं सांगता येत नाही.
बहुतेक सीवूडसला घर बदलताना.
परदेशी पत्ता शेल्टनच्या धाकट्याला दिला होता
हे मात्र आठवतं, काविळीतून उठला तेव्हा.

ताव आहे. कापलेला नाही.
कडेला त्या फुल्या तशाच.
परवा भिंगाखाली धरून पाहिलं,
चारी रंग एका रेषेत, केसभरही हललेले नाहीत.
मशीनवर त्या पाळीला कोण होतं
ते तावावर कुठेच लिहिलेलं नसतं.